सेकंदाला हजार कॅन

पत्रकं चारशे छापली होती आम्ही, गुळगुळीत कागदावर:
विसर्ग, पाणलोट, इशारा पातळी, धोका पातळी.
दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पाहिलं,
निम्म्यांवर भाकरी वाढलेली
आणि एकाची होडी करून एक पोरगं
व्हरांड्यातल्या डबक्यात सोडत होतं.
बुडली नाही. कागद खरंच चांगला होता.

चिखलीची माणसं आत, सतरंज्यांवर,
म्हशी बाहेर, मैदानाच्या कुंपणाला.
रात्री साडेनऊला फोनाफोनांतून एक आवाज फिरला,
'धरान फुटलंय रं, पळा!'
धापा टाकणारा, रडवेला, अगदी घरातला.
हॉल उठला. कुणी म्हातारीला पाठुंगळी घेतलं,
कुणी नुसतीच चप्पल शोधत राहिलं.
मी बाकावर चढून ओरडले,
राधानगरीचे दोनच दरवाजे उघडलेत,
प्रत्येकी चौदाशे अठ्ठावीस क्युसेक!
गप्प झाले सगळे. समजलं कुणालाच नव्हतं.
अफवा त्यांच्या बोलीत आली होती.
माझं खरं कुणाच्या बोलीत होतं?

बायाक्का कळके पुढं आली.
पंचवीस वर्षं गंगावेशीत
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हैस पिळणारी बाई.
'मॅडम, क्युसेक म्हंजे काय ओ?
माप हाय, का देव हाय?'
घनफूट, म्हणाले. ती थांबून राहिली.
अठ्ठावीस लिटर, म्हणाले, आणि थोडं वर.
'थोडं म्हंजे किती?'
दुधात तिनं थोडं कधीच कुणाला सोडलेलं नव्हतं.
'आन कवा? तासाला?'
सेकंदाला.
तिची बोटं मिटली, उघडली, ओठ हलले.
'कॅन चाळीसचा...
म्हंजे येका दारातनं हजार कॅन.
पापनी लवायच्या आत.'
मी मोबाईलवर भागाकार केला.
एक हजार दहा. आणि थोडं वर.

मागून कुणीतरी 'बाबौ' म्हणालं.
चपला खाली ठेवल्याचे आवाज आले, एक एक.
भीती तेवढीच उरली असेल,
पण आता ती कॅनांत मोजता येत होती.

एक पोरगा तरीही तापलेला,
'सायबानं रातचंच का सोडलं पानी?'
मी सांगितलं, त्या दारांना कुणी हात लावत नाही.
तळं भरलं की पाण्याच्याच भारानं उघडतात,
उतरलं की आपली मिटतात.
बायाक्का म्हणाली, 'पान्हा सोडल्यागत.'
मी अडखळले. वीस वर्षांची सवय,
उपमा जिथं तुटते तिथं बोट ठेवायची.
तोवर तीच म्हणाली,
'पर म्हस चोरती पान्हा. दार न्हाई चोरायचं.'
मला काही उरलंच नाही दुरुस्त करायला.

मग तिनं माझं पत्रक उचललं,
भाकरीचा तुकडा झटकला,
त्रेचाळीस या आकड्यावर अंगठा ठेवला.
'ह्यो धोका कुनाचा?'
राजाराम बंधाऱ्यावरचा, म्हणाले.
'माझ्या गोठ्यात सदतीसलाच येतंय.
सदतीस आन चार बोटं.
मेढीला गेरूनं खुना हाईत, सासऱ्याच्या हातच्या, माझ्या हातच्या.
तुमच्याकडनं कुनी इचारलंच न्हाई.'

कार्यालयात मी हे टिपणात लिहिलं.
साहेबांनी 'गेरू' या शब्दाखाली रेघ मारली
आणि विचारलं, याला आधार काय?

यंदा जुलैत, पहाटे पाचला, फोन.
'किती कॅन?'
मी नियंत्रण कक्षाला उठवलं, आकडा घेतला,
दुधाच्या बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला, सांगितलं.
'आन माझ्या गोठ्यात किती वाजता?'

ते आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही.
मी तसं सांगितलं. थोडा वेळ नुसती खरखर.
'थांबा, बघून येते मेढीकडं.'
फोन तिनं बंद केला नाही.
साखळ्या वाजल्या, एक म्हैस हंबरली,
पावलं गेली पाण्यातून, चपक चपक.
मी पेनाचं टोपण काढून बसले.